अक्षर झोपलंय की ओ!

नोव्हेंबर २०२३. दुपारचा एक वाजला होता. मी नुकताच घरी येऊन भाकरी मोडायला बसलो, तोवर फोन. हॉटेलमालकांचे वडील.

"तुमचं अक्षर झोपलंय की ओ!"

पहाटे सहाला सुरू करून साडेनऊपर्यंत आम्ही चौघांनी ज्या बोर्डाचं फ्लेक्स ताणून बसवलं, त्याच्याबद्दल हे चाललं होतं. आम्ही निघालो तेव्हा ते इतकं ताठ होतं की टिचकी मारली की टण्ण वाजायचं. मी म्हटलं, "काका, उन्हामुळं वाटत असंल." ते म्हणाले, "उन्हानं माझे डोळे दिपत्यात, पण शिरोरेषा वाकडी दिसत नाही." भाकरी तशीच ठेवून गाडीला किक मारली.

बोर्ड पुणे-बेंगळुरू हायवेवर, कोल्हापूर आणि कागलच्या मधे. चाळीस बाय बारा फुटांचा डबा, आतून दिवे, पुढं बॅकलिट फ्लेक्स. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यातलं फक्त कापड दिसतं, त्यामुळं कापड बदलणं म्हणजे उशीचा अभ्रा बदलण्यासारखं काम असावं, असं गिऱ्हाईकाला वाटतं. "मालक, डबा हायच की, नुसतं फ्लेक्स तर टाकायचंय" हे वाक्य मी वर्षाला पन्नासदा ऐकतो.

आमचं घर पेंटरचं. वडील, म्हणजे आबा, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पत्र्यावर आधी प्रायमर, मग खडूची दोरी. दोरीचं एक टोक मी धरायचं, दुसरं त्यांनी, आणि मधे चिमटीत धरून सोडली की पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उमटायची. तीच शिरोरेषा. तिच्याखाली दुसरी दोरी, ती अक्षराच्या पायाची. या दोन रेघांच्या मधे त्यांचा ब्रश चालायचा. पुढं डिजिटल फ्लेक्स आलं, आठ दिवसांचं काम दोन तासांत निघायला लागलं, आणि आबांचे ब्रश रॉकेलच्या डब्यात वाळून गेले. मी कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं कोरलड्रॉ शिकलो. आबांनी मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही, पण आजही रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या वाचून "हे अक्षर कुणी बसवलंय?" असं विचारतात. काढलंय म्हणत नाहीत, बसवलंय म्हणतात.

तर ते २०२३. मराठी पाट्यांचा कायदा जुनाच, २०२२ च्या दुरुस्तीनं तो छोट्या दुकानांनाही लागू झाला: नाव मराठीत, देवनागरीत, आणि बाकीच्या लिपीपेक्षा अक्षर लहान नको. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. तिथं सप्टेंबरच्या शेवटी दोन महिन्यांची मुदत मिळाली, ती संपत होती २५ नोव्हेंबरला. आता आपल्या लोकांचा स्वभाव. दसरा गेला, दिवाळी गेली, भाऊबीज झाली, आणि मग सगळ्या गावाला एकदम पाटी आठवली. माझ्या दुकानात त्या दहा दिवसांत जेवढी कामं आली तेवढी एरवी दोन महिन्यांत येत नाहीत. प्रिंटिंगवाल्याकडं मशीन रात्रभर चालू. शाई वाळायला एक दिवस द्यावा लागतो, नाहीतर गुंडाळलेल्या रोलमध्ये रंग रंगाला चिकटतो, पण त्या दिवसांत ऐकतंय कोण!

या हॉटेलचा बोर्ड आधी नुसता इंग्रजीत होता. मालकांनी व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवला आणि खाली लिहिलं, "इंग्लिशच्या जागी मराठी टाका, बाकी सेम." बाकी सेम होत नाही, हे कसं सांगायचं? इंग्रजी कॅपिटल अक्षरं म्हणजे रांगेत उभे केलेले सिमेंटचे ठोकळे. तीन फूट उंची दिली की सगळी तीन फूट. आपल्या 'रेस्टॉरंट'ला वर मात्रा, टोपी, अनुस्वार. 'शुद्ध'ला खाली उकार. तीन फुटांतून वरचं खालचं सोडलं की अक्षराच्या अंगाला जेमतेम पावणेदोन-दोन फूट राहतात. म्हणून मराठी तेवढंच ठसठशीत दिसायला जागा जास्त लागते. ती आणायची कुठून? मी बोर्डाच्या कोपऱ्यातलं वाफाळत्या ताटाचं चित्र काढून टाकलं. मालक नाराज झाले. ताटाचे पैसे आधीच्या बोर्डवाल्याला दिले होते म्हणे.

(जाता जाता: फॉन्टमध्ये 'ल' बघून घ्या. आपला पाकळीचा ल मागितला तरी पुष्कळदा हिंदीतला दांडीचा येतो. आणि 'शुध्द' लिहून पाठवणारी गिऱ्हाइकं महिन्याला तीन तरी असतात. मी न विचारता 'शुद्ध' करतो. एकानं तक्रार केली होती की अक्षर छोटं केलंत.)

पुढचा प्रश्न जोडाचा. फ्लेक्सचा रोल रुंदीला साधारण दहा फूट. बोर्ड बारा फूट उंच. म्हणजे कुठंतरी जोड येणारच. समोरून उजेड पडणाऱ्या साध्या होर्डिंगवर जोड दिसत नाही. बॅकलिटमध्ये मात्र आतला उजेड दुहेरी कापडातून येतो, आणि जोडावर एक काळपट पट्टी उमटते. उभे चार पट्टे जोडले तर तीन पट्ट्या, आडवे दोन जोडले तर एक. मी आडवं ठरवलं. आणि मग मला एक आयडिया सुचली, जिच्याबद्दल मी स्वतःवर पार खूश होतो. हॉटेलचं नाव एकच शब्द, लाल रंगात. तो जोड नेमका शिरोरेषेत घालायचा! शिरोरेषा चार इंच जाड, जोड दोन इंचांचा. नावाच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच जाडीची लाल पट्टी बोर्डाच्या कडेपर्यंत ओढायची. जोड गायब. आबांना स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "रेघ सरळ राहील का?" मला वाटलं, ते डिझाइनबद्दल विचारतायत.

डबा उघडला तो दिवस वेगळा सांगायला हवा. जुनं फ्लेक्स आठ वर्षांचं. पिवळं पडलेलं, आणि हातात घेतलं की पापडासारखं मोडायचं. उन्हानं फ्लेक्सच्या पीव्हीसी प्लॅस्टिकमधला मऊपणा निघून जातो, मग ते आकसतं आणि तडकतं. ते उतरवलं तर आत एकशेवीस ट्यूब. मी मोजल्या, चालू होत्या एकोणचाळीस. उजव्या टोकाच्या बंद ट्यूबांमागं मागचा पत्रा फाटलेला, तिथून पारव्यांनी संसार थाटलेला, दोन अंडी. खालच्या पट्टीत मेलेल्या पाखरांचा बोटभर थर. दिव्याला येतात, आत शिरतात, बाहेरची वाट सापडत नाही. त्या थराखाली पाणी निघायची भोकं असतात. ती कुणीतरी रंगकाम करताना बुजवून टाकली होती, त्यामुळं पाणी साचून खालचा अँगल इतका गंजला होता की स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. वायरिंगचे जोड नुसते पिळून टेप मारलेले, अर्थिंगचा पत्ता नाही. पावसात हा डबा हात लावायच्या लायकीचा नव्हता, आणि त्याच्या खाली आठ वर्षं लोक गाड्या लावत होते.

एक सवय सांगतो. डब्याला हात लावायच्या आधी मी मेन स्विच बंद करून फ्यूज काढतो आणि माझ्या खिशात ठेवतो. स्विचवर चिठ्ठी लावून भागत नाही. हॉटेलचं पोरगं येतं, "दिवा का लागंना?" म्हणत खटका वर करतं. आणि शिडी उभी करायच्या आधी वर बघतो. बोर्डाशेजारून अकरा केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची लाइन जात असेल तर ॲल्युमिनियमची शिडी गाडीतून उतरवायचीच नाही.

मालकांना फोटो पाठवले. अँगल बदलायचा, ट्यूब काढून एलईडी घालायचे, पत्रा बसवायचा. त्यांचा पहिला प्रश्न: "हे सगळं फ्लेक्समध्ये धरलंय ना?" धरलं नव्हतं. शेवटी निम्म्यावर तोडलं. अंडी हॉटेलच्या आचाऱ्यानं टोपलीत कडबा घालून मागच्या पत्र्यावर ठेवली, पुढं काय झालं विचारू नका.

आता ताणायचं काम. छोट्या बोर्डाला फ्लेक्स कडेवर वळवून सेल्फ स्क्रू मारले, वर ॲल्युमिनियमची पट्टी बसवली की झालं. चाळीस फुटांना ते चालत नाही. कापडाच्या चारी कडांना पॉकेट मारायचा, म्हणजे कड दुमडून गरम हवेनं चिकटवायची, की लांब पोकळ पट्टी तयार होते. तीत अर्धा इंची पाइप सरकवायचा. दर दीड फुटावर पॉकेटला खाच पाडून पाइपला हुकबोल्ट अडकवायचा, आणि डब्याच्या मागच्या अँगलवर नट आवळायचा. असे सत्तरेक बोल्ट. आवळताना वर मधोमध एक, मग खाली मधोमध, मग डावी-उजवी बाजू, आणि तिथून हळूहळू कोपऱ्यांकडं. समोरासमोरचे नट दोन-दोन आटे, जास्त नाही. एखादा कोपरा आधीच करकचून आवळला की तिथून आडवी सुरकुती धावते, आणि ती नंतर देवाच्या बापाला निघत नाही.

हे सगळं आम्ही बरोबर केलं. चुकलो वेळ निवडण्यात. पहाटेच्या थंडीत फ्लेक्स आखडलेलं असतं. थोडंसं ओढलं तरी ताठ वाटतं. दुपारी ऊन चढलं, आतली हवा तापली, की ते सैल पडतं. आमच्याकडं हलगीवाले पहिल्यांदा जाळ पेटवतात, हलगी शेकतात, कातडं ताठ होतं, मग वाजवायला घेतात. फ्लेक्सचं नेमकं उलटं. शेकलं की ढिलं. मला हे ठाऊक नव्हतं का? पंधरा वर्षांपासून ठाऊक होतं. पण त्या दिवशी अजून तीन पाट्या लावायच्या होत्या, हायवेला पहाटे गाड्या कमी असतात, आणि टिचकी मारल्यावर टण्ण वाजलं होतं.

दुपारी पोचलो तर काका रस्त्याच्या पलीकडं खुर्ची टाकून बसलेले. बोर्डाकडं बघितलं आणि कळलं आबा काय विचारत होते. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात, कापड इंचभर लोंबलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. आपलं नाव एका रेघेला टांगलेलं. ती रेघ मी बोर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रंगानं ओढून ठेवली होती. कापड जिथं जिथं सैल, तिथं तिथं ती खाली बसलेली. चाळीस फुटांवर तीन लाटा. बारा फूट उंच बोर्डावर मी स्वतःच्या चुकीखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती.

भर उन्हात परत सगळे नट आवळले. दोन दिवसांनी दुपारी येऊन पुन्हा एकदा. नवं कापड थोडं वाढतंच, ते दोनदा ओढावं लागतं. रेघ सरळ झाली. काकांनी चहा पाजला.

पुढचा अंक मे २०२४. तेरा तारखेला मुंबईत घाटकोपरला वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, सतरा माणसं गेली. एकशेवीस बाय एकशेवीस फुटांचं होतं ते, महापालिकेची मर्यादा चाळीस बाय चाळीसची. त्यानंतर आठवडाभर माझा फोन वाजत होता, आणि एकही फोन कामाचा नव्हता. "आमचा बोर्ड पडंल का ओ?" असं विचारणारे. त्यातच आपल्याकडं वळवाचा एक तडाखा आला. संध्याकाळी धूळ उठली, वीस मिनिटं वारा, मग गारा. रात्री मालकांचा व्हिडिओ आला. बोर्ड उभा, पण फ्लेक्स शिरोरेषेतून डावीकडं सहा-सात फूट उसवलेलं, आणि खालचा भाग शिडासारखा फडफडतोय.

दुसऱ्या दिवशी जोड हातात घेऊन बघितला. कापड कुठंच फाटलं नव्हतं. जोड उचकटला होता, आणि उचकटलेल्या वरच्या पट्ट्याच्या मागं लाल शाईचा पापुद्रा जसाच्या तसा चिकटून आला होता. कारण साधं होतं. गरम हवेचा जोड म्हणजे पीव्हीसी वितळून पीव्हीसीला चिकटतं. मधे शाई आली की जोड कापडाला नाही, शाईला बसतो. आणि मी तर जोड मुद्दाम सगळ्यात गडद लाल रंगात लपवला होता. वरचा पट्टा खालच्यावर येणार, म्हणजे खालच्या पट्ट्याची वरची दोन इंच कोरी सोडायला हवी होती. फाइल करताना रंग जुळावा म्हणून मी लाल तसाच पुढं ओढला. ज्या हुशारीवर मी खूश होतो, तिच्यातूनच बोर्ड उसवला. प्रिंटिंगवाल्याला दोष द्यायची सोय नव्हती. फाइल माझी होती.

मालक म्हणाले, "आता एकदम जाड टाका, फाटणारच नाही असं." इथं मी अडून बसलो. या कापडाचं वजन पंचवीस किलोच्या आसपास. ताशी बहात्तर किलोमीटरचा वारा समोरून आला तर चौरस मीटरला साधारण चोवीस किलोचा दाब पडतो. बोर्ड जवळजवळ पंचेचाळीस चौरस मीटर, म्हणजे ढोबळमानानं अकराशे किलो. वारा दुप्पट झाला तर दाब चौपट. हे सगळं कापडातून बोल्टला, बोल्टमधून अँगलला, अँगलमधून खांबाला आणि खांबातून पायाला जातं. त्या रात्री कापड उसवलं आणि वारा निघून गेला. कापड पोलादी असतं तर तो हिशेब खांबानं दिला असता. फ्लेक्स गेलं तर पैसे जातात. मी म्हटलं, कापड आहे तेवढंच राहू दे, ते पैसे वेल्डिंगवर आणि पायावर घाला, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सर्टिफिकेट घ्या. त्याची सही मी देऊ शकत नाही.

मग त्यांनी विचारलं, "आणि वाऱ्याला भोकं पाडली तर?" अर्धचंद्राचे काप पाडलेले बॅनर सगळ्यांनी बघितलेत. त्या कापांतून वारा निघतो फार थोडा, आणि फाटायला सुरुवात मात्र तिथूनच होते. शिवाय बॅकलिटमध्ये प्रत्येक कापातून आतला दिवा डोळे मारतो. भोकं नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत, नवं कापड चढवलं. जोड शिरोरेषेतच, पण खालच्या पट्ट्याची दोन इंच पांढरी कोरी, आणि वरचा पट्टा खालच्यावर कौलासारखा, म्हणजे पाणी ओघळून जाईल. सकाळी अकराला नुसतं टांगलं. बोल्ट हातानंच फिरवले, पान्याला हात लावला नाही. पोरं म्हणाली, आता काय करायचं? म्हटलं, जेवायचं. मालक बघून गेले, बोर्डावर धोतर वाळत घातल्यासारखं दिसतंय म्हणाले. दीड वाजता, कापड तापून मऊ झाल्यावर, बारा-तेराचा पाना काढला आणि मधोमधचा पहिला नट धरला.

या वेळी आबांना घेऊन गेलो होतो. ते काकांच्या शेजारी, रस्त्याच्या पलीकडं खुर्चीत. हातात एक जुना ब्रश, दांडा आडवा धरून, एक डोळा मिटून बोर्डाकडं बघतायत. ट्रक मधे आला की हात खाली, ट्रक गेला की परत वर. दोन तासांनी मी वरूनच हात केला, झालं का म्हणून. त्यांनी फोन लावला.

"तिसऱ्या अक्षरावर दोन सूत खाली हाय."

"आबा, एवढ्या लांबून दोन सूत, म्हणजे पाव इंच, दिसतंय व्हय?"

"तू दोरी लाव."

बारक्याला दुसऱ्या टोकाला पाठवून दोरी लावली. तिसऱ्या अक्षरावर रेघ दोरीपासून सुटलेली होती. टेप धरली. दोन सूत नव्हे, चांगली पाऊण इंच. वरचे दोन नट दीड-दीड आटा आवळले, खालचा एक अर्धा सोडला. खाली बघितलं तर आबांनी ब्रश खिशात घातला होता आणि दोघं म्हातारे भज्यांची ऑर्डर देत होते.